मास्तरांचा अर्धा राहिलेला चीन

रंगनाथ मास्तरांची आणि माझी पहिली ओळख भांडणानं झाली. भांडायला मीच गेले होते.

त्या काळी मानवत रोडच्या स्टेशनावरून एक चिनी कापडवाला आमच्या गावात यायचा. पाठीवर रेशमाचं गाठोडं, आणि तोंडात एकच वाक्य, "सिलक लेव माजी, सिलक." आम्ही कापसाच्या गावच्या बायका, रेशीम घेणार कोण? पण भाव सगळ्याजणी करायच्या. मी स्वतः एकदा जांभळ्या रंगाचा एक तुकडा धरून अख्खी दुपार घालवली होती आणि घेतला नव्हता. अजून मनात आहे तो जांभळा. तर एका पावसाळ्याच्या शेवटी त्या बिचाऱ्याला हिवताप भरला आणि तो धर्मशाळेच्या पायरीवर पडून राहिला. कोणी हात लावीना. रंगनाथ मास्तर तेव्हा नुकतेच बदलून आमच्या मदरशात आले होते (शाळेला तेव्हा मदरसाच म्हणायचे) आणि आमच्या शेजारी बिऱ्हाड केलं होतं. त्यांनी त्याला गाडीत घातला आणि सरळ घरी आणून सोप्यात निजवला.

मी गेले तरातरा. म्हटलं, "मास्तर, गल्लीत लेकीसुना हायेत. कुठला कोण, काय खातो, काय पितो, आन् तुमी तापाचा माणूस घरात आणून ठिवलात?"

मास्तर त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. वर न बघता म्हणाले, "वहिनी, बरं झालं आलात. काय खातो ते मलाही कळंना झालंय. भाताची पेज करून देता का?"

आता भांडायला आलेल्या बाईला कोणी पेज करायला सांगतं का? पण मी केली. मास्तरांचा स्वभाव तेव्हाच कळला. त्यांच्याशी भांडता येत नाही, ते तुम्हाला कामालाच लावतात.

तो चिनी बरा होऊ लागला तोवर आमचा पितृपंधरवडा आला. दारोदारी पानं वाढलेली, कावळ्यांना हाका चाललेल्या. ते बघून त्याचे डोळे भरून आले. त्यानं मास्तरांकडून वाटीभर भात आणि एक उदबत्ती मागून घेतली. कागदाच्या पट्टीवर काळ्या शाईनं बापाचं नाव लिहिलं, ती पट्टी भिंतीला टेकवून उभी केली, पुढं भात ठेवला आणि गुडघ्यावर बसून जमिनीला कपाळ लावलं. आम्ही गल्लीतल्या सगळ्या बायका दारात गर्दी करून बघतोय. गोदाबाई, ती घरोघरी दळायला जाते, तिला राहवेना. ती म्हणाली, "आरं पण कावळा कुठाय? कावळा शिवल्याबिगर बाप जेवला हे तुला कसं कळायचं?"

मास्तरांनी त्याला हिंदुस्थानीत विचारलं. तो म्हणाला, "कौवा नहीं. हम सामने बैठता. बाप खाता."

गोदाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "बघा गं बाई. आपल्याला कावळ्याची साक्ष लागती आन् ह्याला लागत न्हाई."

तिथून मास्तरांना चीनचं वेड लागलं. तो माणूस बरा होऊन गाठोडं उचलून गेला, पुन्हा दिसला नाही. मास्तर मात्र हैदराबादेहून पुस्तकं मागवू लागले. इंग्रजीतली, उर्दूतली. पगार किती असेल त्या माणसाचा! धोतर विरलेलं आणि टपालानं पुस्तकांचं बंडल आलेलं. मास्तरीणबाईंच्या जागी मी असते तर बंडल चुलीत घातलं असतं. त्या माउलीनं कधी हूं की चूं केलं नाही.

इथपर्यंत गोड लिहिलं. आता मास्तरांना साठ वर्षं पुरी झाली, त्यांचा गौरवग्रंथ निघतोय, मला आनंद पोटात मावत नाही. पण रागही मावत नाही, आणि राग आधी बाहेर येतो त्याला मी काय करू? मला लिहिता येतं ते जेमतेम. ऱ्हस्व-दीर्घ छापखान्यानं बघून घ्यावं. बाकी कशाला हात लावू नये. राग ग्रंथ समितीच्या अध्यक्षांवर आहे, आबासाहेबांवर, तो का ते पुढं सांगते.

चातुर्मासात देवळाच्या सभामंडपात दुपारी पुराण असायचं. आमचे पुराणिकबुवा वारले आणि जागा मोकळी पडली. मास्तर आबासाहेबांकडे गेले. आबासाहेब तेव्हाही देवळाचे पंच, आजही पंच. ते म्हणाले, "बायकांनाच सांगायचंय न्हवं? सांगा काय सांगायचं ते." म्हणजे बायकांना काहीही सांगितलं तरी चालतं, असा त्याचा अर्थ. बरं झालं. त्यामुळं आम्हाला चीन मिळाला.

मदरसा सुटला की मास्तर टोपी नीट करत यायचे, खांबाला टेकून बसायचे आणि चीनच्या जुन्या गुरूंचं सांगायचे. त्या गुरूंची नावं घ्यायची तर जिभेला गाठ बसते. म्हणून आम्ही आमचीच नावं ठेवली. एक रीतवाले गुरुजी. त्यांचं म्हणणं असं की, वडीलधाऱ्यांपुढं कसं बसावं, मेलेल्यांना पान कसं वाढावं, पाहुण्याला दारापर्यंत कसं पोचवावं, ह्या रीती मनापासून पाळल्या की माणूस सरळ होतो, आणि माणूस सरळ झाला की राज्य सरळ होतं. कापडवाल्याचा कावळा का नव्हता तेही तेव्हा कळलं. मेलेलं माणूस समोर बसलंय असं मानून वाढायचं, मग साक्ष कशाला?

दुसरे मायावाले गुरुजी. ते म्हणायचे, माया सगळ्यांवर सारखी करा. दुसऱ्याचा बाप तो आपला बाप, दुसऱ्याचं गाव ते आपलं गाव, म्हणजे लढाया होणार नाहीत. हे मास्तरांनी सांगितलं त्या दिवशी देवळात जे झालं ते विचारू नका. पेठेतली एक नवी सून, कधी वर मान करून न बोललेली, म्हणाली, "मंग मास्तर, माझ्या म्हायेरच्या म्हाताऱ्याला बी सासऱ्याइतकंच बघायला पाहिजे की."

तिची सासू शेजारीच. ती म्हणाली, "बघ की. कोण नको म्हणतंय? हितली भांडी कोण घासंल तेवढं सांगून जा."

गोदाबाई म्हणाली, "अवो, सारखी माया सासवांपासून सुरू करा म्हणावं त्या गुरुजीला. तितं पटली तर जगात पटंल."

अशी हसाहस झाली की आतला पुजारी बाहेर आला. मास्तरांची टोपी हसून हसून कलली. मग त्यांनी सांगितलं, की रीतवाल्यांच्या चेल्यांनी ह्याला उत्तर दिलं होतं. माया घरातून सुरू होते आणि दिव्याच्या उजेडासारखी लांब लांब जाते, पण दिव्याजवळ जास्त असायचीच. मी विचारलं, "मंग खरं कोणाचं?" मास्तर म्हणाले, "ते तुम्ही ठरवा, वहिनी. तिकडं त्यांनी शेकडो वर्षं ठरवलं नाही."

मंडळी, मी लहानपणापासून पुराणं ऐकली, कीर्तनं ऐकली. तिथं सगळं ठरवूनच आलेलं असायचं. तुम्ही ठरवा असं आम्हाला त्या दिवसापर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. मी घरी जाऊन भाकऱ्या थापताना ठरवत बसले. एक करपली.

मग आले आभाळवाले. जुन्या चीनमध्ये राजाला आभाळाचा लेक मानायचे. गादी त्याला आभाळानं दिलेली. पण रयत उपाशी पडायला लागली, नद्या फुटल्या, राजाचं लक्ष नाही, की आभाळ दिलेला हुकूम काढून घेतं आणि दुसऱ्याला देतं. आभाळ बोलत नाही, रयतेच्या तोंडाकडं बघून ठरवतं. मास्तरांनी हे जसं पुस्तकात होतं तसं सांगितलं. वर आवाज नाही, खाली आवाज नाही, बोट कोणाकडं नाही. शेवटी म्हणाले, "ह्यावर वेगळं म्हणणारे एक गुरू झाले. ते राजालाच म्हणायचे, तू काही करूच नकोस, पाण्यासारखा खाली राहा. त्या पाणीवाल्यांचं पुढच्या वेळी सांगतो."

ती पुढची वेळ आजतागायत आली नाही.

झालं असं. आमच्याकडं चांगलं काही कानावर पडलं की दुसऱ्या दिवशी पहाटे ते जात्यावर येतं. ओवी कोणी शिकवत नाही, ती दळता दळता होते. गोदाबाईनं ओवी केली,

*आभाळानं दिली गादी, राजा बसला जेवाया,*
*रयतेची चूल थंड, आलं आभाळ उठवाया.*

पहिल्यांदा तिनं "चीनच्या राजाला" असंच धरलं होतं. पण ते जात्याच्या फेऱ्यात बसेना. खुंटा अर्ध्यात यायचा आणि चीन तोंडात राहायचा. मग गोदाबाईनं चीन काढून टाकला. आम्हीही म्हटलं, काय बिघडतं, राजा म्हणजे राजा. शेजारणीनं उचलली, तिच्या बहिणीनं जिंतूरला नेली. जिथं जातं तिथं ती ओवी. आणि चीन कुठंच नाही.

गोदाबाई अमीनसाहेबांच्या घरीही दळायला जायची. अमीन म्हणजे तेव्हाचे आमच्या ठाण्याचे मोठे साहेब. त्यांच्या म्हाताऱ्या आईला गोदाबाईचा गळा फार आवडायचा. तिनं ओवी पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, अर्थ विचारून घेतला. साहेब जेवायला बसले तेव्हा ती लेकाला कौतुकानं म्हणाली, "बेटा, सुन तो, क्या अच्छा गाती है," आणि स्वतः अर्थ सांगितला. म्हातारी सांगतेय राजा बसला जेवाया, आणि समोर लेकाच्या हातात घास! साहेबांनी विचारलं, "किसने सिखाया?" गोदाबाई अभिमानानं म्हणाली, "आमच्या मास्तरनं. देवळात."

दुसऱ्या दिवशी मास्तरांना ठाण्यावर बोलावणं आलं, आणि गोदाबाईलाही. ती एकटी जायला भ्याली म्हणून मी बरोबर गेले. तेव्हा झालं ते मी ह्या कानांनी ऐकलंय. समितीतल्या एकानंही ऐकलेलं नाही, कारण त्या दिवशी ठाण्याच्या रस्त्याला एकही शहाणा फिरकला नव्हता.

साहेबांनी मास्तरांना बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "मास्तरसाब, ये बादशाह कहाँ का है?"

"चीनचा, साहेब. फार जुना."

"तो गाने में चीन कहाँ है?"

मास्तरांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी गोदाबाईकडं बघितलं. गोदाबाई हात जोडून म्हणाली, "बसंना साहेब. जातं फिरायलंय आन् चीन मधीच अडकायलाय. म्हणून काढला."

साहेब मिशीत हसले. खोटं कशाला सांगू, माणूस वाईट नव्हता. पण वरचा, निजाम सरकारचा धाक त्यालाही होता. तो म्हणाला, "लिख दीजिए के ये औरतों ने अपने दिल से बनाया, आपसे कोई ताल्लुक नहीं. बात खतम."

म्हणजे उद्यापासून ठाण्याच्या फेऱ्या गोदाबाईला. मास्तर म्हणाले, "ओवी त्यांची आहे, पण गोष्ट मी सांगितली. ओवीत माझ्या गोष्टीपेक्षा वेगळं काही नाही."

"तो लिखिए के बात गलत है."

"चूक आहे असं कसं लिहू, साहेब? ते लोक तसं मानत होते. मानत होते ते मानत होते."

"और आप? आप मानते हैं?"

मी मनात म्हटलं, मास्तर, नाही म्हणा, एक शब्द, नाही म्हणा आणि घरी चला. मास्तरांनी खरंच विचार केला. वर्गात पोरानं अवघड प्रश्न विचारल्यावर करायचे तसा. मग म्हणाले, "मी अजून ठरवलं नाही. पुढचे गुरू वेगळं सांगतात. ते सांगायचं राहिलंय."

साहेबांनी टाक खाली ठेवला. मास्तरांची नोकरी त्या वाक्यानं गेली. काही दिवसांत बडतर्फीचा हुकूम आला. गोदाबाईला कोणी काही केलं नाही.

आता माझा राग ऐका. अमीनसाहेबांनी मास्तरांची नोकरी घेतली. पण सभामंडपाला कुलूप लावा असं ते म्हणाले नव्हते. ते कुलूप आबासाहेबांनी घातलं, कोणी न सांगता, मास्तरांना ठाण्यावर बोलावलं त्याच संध्याकाळी. मास्तरांनी घरी शिकवणी सुरू केली तर पोरं कोणी काढून घेतली? आमच्याच माणसांनी. माझा स्वतःचा लेक त्यात होता, लपवायचं कशाला. मी त्याला म्हटलं, "लाज वाटती का?" तो म्हणाला, "आई, तुला राजकारण कळत न्हाई." न कळू दे. मला शेजारधर्म कळतो. मास्तरीणबाई विहिरीवर आल्या की बायका भरलेल्या घागरी उचलून निघून जायच्या. त्यातल्या काहीजणी सभामंडपात पहिल्या रांगेत बसून हसणाऱ्या होत्या. शेवटी मास्तर बिऱ्हाड हलवून पेडगावला आपल्या शेतावर गेले. गाडी निघाली तेव्हा निरोपाला मी आणि गोदाबाई. दोघी. रीतवाले गुरुजी पाहुण्याला दारापर्यंत पोचवा म्हणायचे. आम्ही वेशीपर्यंत गेलो.

आता निजामी गेली. नवे झेंडे लागले, नवी पागोटी निघाली. आणि हेच आबासाहेब महिन्यापूर्वी माझ्या ओसरीवर येऊन बसले. "काकू, मास्तरांच्या गौरवग्रंथाला लेख द्या. तुमी शेजारी व्हता." मी हरखले. नातवाला मांडीवरून खाली ठेवला आणि चहा टाकला. मग ते म्हणाले, "फकस्त ते चीनचं न्हाई तसं लिवा."

"न्हाई तसं म्हणजे कसं?"

"म्हणजे असं, की मास्तरांनी चीनचं सोंग घेतलं आन् निजामशाहीवर आसूड ओढला. लोकांला जागं केलं. चीन हा नुसता बहाणा."

मी म्हटलं, "बहाणा कोणाचा? मास्तरांचा का तुमचा?"

"काकू, त्यानं मास्तरांचा मान वाढतोय."

"आन् कुलपाचं काय लिवू? त्यानं तुमचा मान वाढंल का?"

चहा अर्धा टाकून गेले. टाकू देत.

मंडळी, हे मोठेपण नाही, ही चोरी आहे. चीन बहाणा होता म्हणजे मास्तर आमच्यासमोर बसून खोटं बोलत होते. म्हणजे ती सून माहेरच्या म्हाताऱ्याचं बोलली ते खोट्यावर बोलली, मी भाकरी करपवली ती खोट्यावर. तुम्हाला राजा हवा होता म्हणून तुम्ही राजा ठेवला आणि चीन काढून टाकलात. गोदाबाईनंही काढला, पण तिच्या हातात जातं होतं. तुमच्या हातात काय होतं?

मास्तर आठवड्याच्या बाजाराला आले तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रागावलेलं बघितलं. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, राजाला घाबरून मी चीन सांगत नव्हतो. चीन सांगण्यासारखा होता म्हणून सांगत होतो."

मी म्हटलं, "मंग पुढचं सांगा की. पाणीवाल्याचं. आमी वाट बघून म्हाताऱ्या झालो."

"कुठं सांगू?"

"माझ्या ओसरीवर."

ते हसले. "तुमच्या ओसरीवर तुमच्या सुना येतील. परक्या घरच्या येतील का? सासू विचारील, त्यांच्या घरी तुझं काय काम? देवळात जाते म्हटलं की कोणी विचारत नाही. सभामंडपाशिवाय सगळ्याजणी यायच्या नाहीत, वहिनी. आणि अर्ध्याजणींना सांगायचं असेल तर मी अर्धंच सांगितलेलं बरं."

खरं आहे ते. बाईला घराबाहेर पडायला देवळाइतकी सोपी वाट दुसरी नाही. मी आबासाहेबांकडे गेले. दर एकादशीला दुपारी सभामंडप द्या, एवढंच मागितलं. ते म्हणाले, "काकू, आता आपलं राज्य आलं. आता आन् त्या चिन्यांचं काय करायचंय? शिवाय बायका लेकरं आणतात, घाण करतात." मास्तरांचा साठीचा सत्कार मात्र त्याच सभामंडपात आहे. शाल आहे, श्रीफळ आहे, भाषणं आहेत. सगळ्यांना बोलायचंय मास्तरांवर. मास्तरांनी बोलायचं तेवढं नाही.

म्हणून आम्ही ठरवलंय, आणि समितीला आधी कळावं म्हणून इथं लिहिते. सत्काराला आम्ही सगळ्याजणी येणार. पेठेतली ती सून येणार, आता तिला स्वतःला सून आलीय, ती पण येणार. गोदाबाई येणार. तुमची भाषणं निमूट ऐकू. शाल घालून झाली, आरती झाली, की पुरुषमंडळींनी खुशाल जेवायला जावं. आम्ही उठणार नाही. मास्तरांनी खांबाला टेकून पाणीवाल्याचं काढेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहू. लेकरंही आणू. घाण झाली तर झाडून काढू, आम्हाला झाडायला येतं. कुलूप घालायचं असेल तर आम्हाला आत ठेवून घालावं.

शेवटी मोठं आयुष्य मागायची रीत आहे, आणि रीत मी मोडणार नाही. मास्तरांना आयुष्य किती मागावं म्हणून मी त्यांनाच विचारलं, त्या पाणीवाल्यांचं सांगायला किती वेळ लागेल? ते म्हणाले, "तो माणूस थोडंच बोलून निघून गेला, वहिनी. पण सांगायला लय दिवस लागतात." तेवढे सगळे दिवस देवानं त्यांना द्यावेत. पाय धड ठेवावेत, डोळे धड ठेवावेत, आवाज धड ठेवावा. आणि ऐकायला आम्हालाही ठेवावं.